मानसशास्त्रीय संशोधनासाठी सांख्यिकी शिकायची कशी?

प्रश्न थोडक्यात असा: मानसशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण चालू आहे, प्रबंधासाठी प्रश्नावल्या भरून घ्यायच्या आहेत, गणित शाळेतच सुटलं. टी-टेस्ट (दोन मध्यमानांची तुलना), अनोव्हा (अनेक मध्यमानांची), काय-स्क्वेअर (वर्गवारीतल्या मोजणीची), रिग्रेशन (एका चलावरून दुसऱ्याचा अंदाज), फॅक्टर अ‍ॅनालिसिस यांतलं काय आधी शिकायचं, गणित किती लागतं आणि सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं?

गणिताचं आधी सांगतो. बेरीज, वर्ग, वर्गमूळ आणि सरळ रेषेचं समीकरण एवढ्यावर प्रबंधापुरतं सगळं काम भागतं. अवघड आहे ते वेगळंच. हातात एकच नमुना असतो, आणि तसाच दुसरा नमुना घेतला असता तर आकडे किती बदलले असते हे डोळ्यांसमोर आणावं लागतं. बहुतेक अभ्यासक्रम हा भाग दोन तासांत उरकून ‘दोन गट असतील तर ही टेस्ट, तीन असतील तर ती’ या तक्त्याकडे वळतात. तक्ता पाठ होतो, परीक्षाही सुटते, पण स्वतःचा डेटा समोर आला की काहीच सुचत नाही. म्हणून माझा आग्रह एकच आहे: ज्या डेटाचं खरं उत्तर माहीत नाही त्याला हात लावण्याआधी, ज्याचं खरं उत्तर तुम्हाला पक्कं माहीत आहे असा डेटा स्वतः बनवा आणि त्यावर शिका.

हे साध्या स्प्रेडशीटमध्येही होतं. पहिल्या स्तंभात ३२ ओळींमध्ये ‘नॉर्म.इन्व्ह’ हे सूत्र घाला. त्यात संभाव्यतेच्या जागी ‘रँड’, मध्यमान ५० आणि प्रमाण विचलन (गुण मध्यमानाभोवती साधारण किती पसरलेत ते) १० द्या. दुसऱ्या स्तंभात तेच सूत्र, फक्त मध्यमान ५५. म्हणजे दोन गटांत खरा फरक ५ गुणांचा, अर्थात अर्ध्या प्रमाण विचलनाचा आहे, आणि तो तुम्हीच ठेवला आहे. बाजूच्या एका चौकटीत ‘टी.टेस्ट’ सूत्र लावा: दोन्ही स्तंभ, दुहेरी टोक म्हणून २ आणि असमान विचलनाचा प्रकार म्हणून ३. जे दिसेल ते पी-मूल्य. त्याचा अर्थ पुढे येतो; तूर्त एवढंच, की ते ०.०५ च्या खाली गेलं तर निकालाला ‘सार्थक’ म्हणतात. आता एफ-नाइन कळ दाबा. सगळे आकडे नव्याने पडतील, म्हणजे तुम्ही तोच प्रयोग नव्या ६४ माणसांवर पुन्हा केला. कळ पन्नास वेळा दाबा आणि प्रत्येक वेळचं पी-मूल्य वहीत लिहा.

वही पाहिल्यावर बहुतेकांना धक्का बसतो. फरक दर वेळी खराच आहे, तरी साधारण निम्म्या वेळा पी ०.०५ च्या वर जातं. एकदा ०.००२, लगेच पुढे ०.४०, मग ०.०६. पी-मूल्य किती उड्या मारतं हे एकदा हाताने अनुभवलं की ‘०.०४ आलं म्हणजे सिद्ध झालं, ०.०६ आलं म्हणजे काहीच नाही’ असं वाक्य पुन्हा लिहवत नाही.

याच खेळात आणखी एक गोष्ट पाहा. दर वेळी दोन मध्यमानांतला फरक भागिले सरासरी प्रमाण विचलन, म्हणजे कोहेनचा डी, हाही लिहून ठेवा. खरा डी ०.५ आहे. पण फक्त ‘सार्थक’ आलेल्या फेऱ्यांचा सरासरी डी काढला तर तो सुमारे ०.७ येतो. कारण सरळ आहे: गटात ३२ माणसं असताना नमुन्यातला डी जवळपास ०.५ च्या वर गेल्याशिवाय पी ०.०५ च्या खाली येतच नाही. म्हणजे छोट्या नमुन्यावरचे फक्त सार्थक निष्कर्ष छापून आले, तर छापलेले परिणाम खऱ्यापेक्षा मोठेच दिसणार. त्यात कोणी लबाडी केलेली असण्याची गरज नाही. २०१५ मध्ये मानसशास्त्रातल्या १०० अभ्यासांची पुनरावृत्ती प्रसिद्ध झाली. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निकाल सार्थक होते, पुनरावृत्तीत फक्त ३६ टक्क्यांत आले, आणि परिणामांचा सरासरी आकार निम्म्यावर आला. त्यामागची बरीचशी यंत्रणा तुमच्या स्प्रेडशीटमध्ये दिसते.

मग दोन्ही स्तंभांचं मध्यमान ५० करा. आता फरक मुळीच नाही. या वेळी पी-मूल्यं ० ते १ मध्ये सारखी पसरतात आणि २० पैकी साधारण एक ०.०५ च्या खाली जातं. पी-मूल्याचा अर्थ इथूनच कळतो: फरक नसता, तर इतका किंवा याहून टोकाचा निकाल किती वेळा आला असता. पी ०.०३ म्हणजे ‘शून्य परिकल्पना (म्हणजे फरक नाहीच) खरी असण्याची शक्यता ३ टक्के’ नव्हे. ही चूक पाठ्यपुस्तकांतही सापडते, म्हणून जपून वाचा. एकाच प्रबंधात २० स्वतंत्र टेस्ट केल्या आणि कुठेच काही नसलं, तरी किमान एक सार्थक सापडण्याची शक्यता ६४ टक्के असते. (०.९५ चा विसावा घात काढा आणि १ मधून वजा करा.)

एवढं झाल्यावर टेस्टकडे वळा, पण त्यांची यादी करू नका. टी-टेस्ट, अनोव्हा, सहसंबंध आणि रिग्रेशन ही एकाच रेषीय प्रतिमानाची, म्हणजे सरळ रेषेच्या समीकरणाची, रूपं आहेत. जेकब कोहेन यांनी १९६८ मध्येच मानसशास्त्रज्ञांसाठी हे सविस्तर मांडलं होतं, तरी अजून ती वेगवेगळी प्रकरणं म्हणून शिकवली जातात. स्वतः पडताळा: दोन गटांना ० आणि १ असे अंक द्या, तो स्तंभ स्वतंत्र चल म्हणून रिग्रेशनमध्ये घाला. स्थिरांक म्हणजे ० गटाचं मध्यमान येईल, उतार म्हणजे दोन गटांतला फरक येईल, आणि पी-मूल्य समान विचलनाच्या टी-टेस्टशी शेवटच्या दशांशापर्यंत जुळेल. त्याच डेटावर अनोव्हा चालवा; एफ म्हणजे टी चा वर्ग. हे एकदा जुळलं की तीन गट म्हणजे दोन ०–१ स्तंभ, पूर्वचाचणीचा गुण धरून तुलना म्हणजे आणखी एक स्तंभ, आणि आंतरक्रिया (एका चलाचा परिणाम दुसऱ्यावर अवलंबून असणं) म्हणजे दोन स्तंभांचा गुणाकार. नवं प्रकरण कुठेच लागत नाही.

साध्या तुलनेसाठी मात्र नेहमी वेल्चची टी-टेस्ट घ्या. ती दोन गटांचं विचलन समान असल्याचं गृहीत धरत नाही. विचलन समान असलं तरी तिच्यामुळे फारसं काही गमावत नाही. विचलन वेगळं आणि गटही लहान-मोठे असले तर नेहमीची टेस्ट चुकीची पी-मूल्यं देते. आधी लेव्हीनची टेस्ट (विचलन समान आहे का हे पाहणारी) करून मग ठरवण्याची पद्धत सोडून द्या.

गृहीतकांबद्दल भलतीच काळजी केली जाते आणि खरी काळजी राहून जाते. प्रसामान्यता (घंटेच्या आकाराचं वितरण) ही अवशेषांची, म्हणजे प्रत्यक्ष गुण वजा प्रतिमानाचा अंदाज यांची, पाहायची असते, मूळ गुणांची नव्हे. प्रसामान्यतेची शॅपिरो-विल्क टेस्ट मोठ्या नमुन्यात क्षुल्लक विचलनही पकडते आणि लहान नमुन्यात मोठं विचलनही सोडून देते. त्यापेक्षा अवशेषांचा क्यू-क्यू आलेख पाहा; बिंदू सरळ रेषेजवळ असले की प्रसामान्यता ठीक. खरा घात होतो तो निरीक्षणांच्या स्वतंत्रतेत. समजा एका उपक्रमाची परीक्षा घ्यायची आहे, २० वर्गांपैकी १० वर्गांत तो राबवला, प्रत्येक वर्गात ३० विद्यार्थी. एकूण ६००. एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी असतात. वर्गांतर्गत सहसंबंध (या सारखेपणाचं माप) ०.१० धरला, तर १ + (३० − १) × ०.१० म्हणजे ३.९ पटीने नमुना आकसतो. ६०० मुलांची माहिती सुमारे १५४ स्वतंत्र मुलांएवढीच उरते. साधी टी-टेस्ट ही गोष्ट जाणत नाही आणि बिनदिक्कत फारच छोटं पी-मूल्य देते. इथे मुलं आणि वर्ग हे दोन्ही स्तर धरणारं बहुस्तरीय प्रतिमान हवं, आणि संशोधनाचा आराखडा करतानाच वर्गांची संख्या वाढवायला हवी. वर्गातली मुलं वाढवून फार थोडा फायदा होतो.

उपचार गट आणि नियंत्रण गट यांची आधीची–नंतरची तुलना हा प्रबंधांचा आवडता आराखडा आहे, आणि त्यातच सगळ्यात जास्त वेळा घसरण होते. उपचार गटात आधी–नंतर फरक पी ०.०२, नियंत्रण गटात पी ०.२०, ‘म्हणून उपचार प्रभावी’. हा निष्कर्ष निघत नाही. एक सार्थक आणि एक असार्थक यांच्यातला फरक स्वतः सार्थक असेलच असं नाही. प्रश्न आंतरक्रियेचा आहे, तेव्हा तपासायचीही आंतरक्रियाच: दोन गटांतल्या बदलांची थेट तुलना करा. सहभागी यादृच्छिकपणे गटांत वाटले असतील, तर नंतरचा गुण परतंत्र चल (ज्यावरचा परिणाम मोजायचा) आणि आधीचा गुण सहचल (हिशेबात धरायचा जादा चल) असं अँकोव्हा जास्त ताकदीचं. गट आधीपासून वेगळे असतील, तर अँकोव्हा आणि बदलगुण (नंतरचा वजा आधीचा गुण) यांची उत्तरं एकमेकांविरुद्ध जाऊ शकतात. १९६७ मध्ये लॉर्ड यांनी दाखवलेला हा पेच सांख्यिकीने सुटत नाही, तो आराखड्यातच टाळावा लागतो. आणि नियंत्रण गटच नसेल तर? चिंतेचे गुण सर्वांत जास्त असलेली माणसं निवडली, की पुढच्या मोजणीत त्यांचे गुण काही न करताही मध्यमानाकडे घसरतात. त्या घसरणीला उपचाराचा परिणाम समजणं फार सोपं असतं.

आता मोजमाप. याकडे दुर्लक्ष झालं तर बाकीची सगळी सांख्यिकी वाया जाते, म्हणून इथे वेळ काढा. प्रश्नावलीचा डेटा आला की आधी प्रत्येक विधानाची वारंवारता काढा. १ ते ५ च्या श्रेणीत ११, ५५ किंवा ९९ दिसतं का पाहा. न दिलेल्या उत्तरासाठी ९९ लिहायची पद्धत असते; ते सॉफ्टवेअरला सांगायचं राहिलं, तर ५० जणांच्या नमुन्यात एकच ९९ त्या विधानाचं मध्यमान ३ वरून जवळपास ५ वर नेतं. मग उलट विधानं (ज्यांत सहमती म्हणजे कमी गुण) फिरवा: ५ बिंदूंच्या श्रेणीत ६ वजा उत्तर, ७ बिंदूंच्या श्रेणीत ८ वजा उत्तर. फिरवलेला स्तंभ नव्या नावाने ठेवा, मूळ पुसू नका. नाहीतर चुकून दोनदा फिरवला गेला तर कळणारही नाही. क्रॉनबॅक अल्फा (विधानं एकमेकांशी किती जुळतात याचं माप) विचित्र कमी किंवा ऋण आला, तर पहिला संशय न फिरवलेल्या विधानावर घ्या. विधान आणि उरलेली बेरीज यांचा सहसंबंध पाहिला की दोषी विधान लगेच दिसतं.

अल्फा ०.७० च्या वर आला म्हणजे मापनी एकच गोष्ट मोजते, असं नाही. विधानं भरपूर असली की दोन वेगळे घटक मिसळूनही अल्फा वर जातो. मापनीच्या पुस्तिकेतला अल्फा उचलून आपल्या प्रबंधात चिकटवणंही चूक, कारण विश्वसनीयता मापनीला जन्मतः मिळत नाही, ती त्या माणसांच्या त्या गुणांची असते. भाषांतरित मापनीच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं. विश्वसनीयता कमी असण्याची किंमतही मोजता येते: खरा सहसंबंध ०.५० आणि दोन्ही मापनींची विश्वसनीयता ०.७० असेल, तर हाती फक्त ०.३५ लागतो. स्पिअरमन यांनी हे १९०४ मध्येच सूत्रात मांडलं.

फॅक्टर अ‍ॅनालिसिसमध्ये (विधानांमागचे सुप्त घटक शोधण्यात) सॉफ्टवेअरच्या ठरलेल्या निवडी हाच मोठा सापळा आहे. एसपीएसएस हे सॉफ्टवेअर काहीच न विचारता मुख्य घटक पद्धत, आयगेन मूल्य (घटकाने टिपलेला फरकाचा वाटा) १ च्या वर असलेले घटक, आणि बटण दाबलंच तर व्हॅरिमॅक्स (घटक असंबंधित धरणारं आवर्तन) असं करून देतं. मुख्य घटक पद्धत सुप्त घटकांचं प्रतिमान नाही. प्रिन्सिपल अ‍ॅक्सिस किंवा मॅक्सिमम लाइकलीहूड घ्या. आयगेन मूल्याचा नियम बहुधा गरजेपेक्षा जास्त घटक काढतो. त्याऐवजी पॅरलल अ‍ॅनालिसिस करा, त्यात तुमच्या आयगेन मूल्यांची यादृच्छिक डेटाच्या मूल्यांशी तुलना होते. आणि मानसशास्त्रातले घटक एकमेकांशी क्वचितच असंबंधित असतात, म्हणून ऑब्लिमिनसारखं तिरकं (घटकांत संबंध असू देणारं) आवर्तन. ज्या नमुन्यावर घटक शोधले त्याच नमुन्यावर पुष्टिकारक विश्लेषण (आधी ठरलेली घटकरचना तपासणारं) चालवून ‘सिद्ध झालं’ लिहू नका.

काय-स्क्वेअरबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एक माणूस एकाच चौकटीत मोजला गेला पाहिजे, आणि अपेक्षित वारंवारता ५ पेक्षा कमी असतील तर फिशरची अचूक टेस्ट वापरा. त्याच माणसांना दोनदा विचारलं असेल तर मॅकनेमारची टेस्ट. मध्यस्थ चलांची (अ चा परिणाम ब मार्फत क वर होतो का) विश्लेषणंही हल्ली प्रत्येक प्रबंधात दिसतात. सगळं एकाच वेळी भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांवरून ‘अ मुळे ब, ब मुळे क’ असा क्रम सिद्ध होत नाही, मग बूटस्ट्रॅप (नमुन्यातूनच पुन्हापुन्हा नमुने काढणं) पाच हजार वेळा करा किंवा पन्नास हजार वेळा.

नमुना किती हवा, हे डेटा गोळा करण्याआधी ठरवायचं. जी-पॉवर हा मोफत प्रोग्रॅम त्यासाठी पुरतो. काही आकडे डोक्यात असलेले बरे. दुहेरी टोक, ०.०५ पातळी आणि ८० टक्के पॉवर (खरा फरक असल्यास तो पकडण्याची शक्यता) धरून दोन स्वतंत्र गटांसाठी: डी ०.८ असेल तर प्रत्येक गटात २६, ०.५ ला ६४, आणि ०.२ ला जवळपास ३९४. एकाच माणसाची दोनदा मोजणी असेल, तर ०.५ साठी ३४ जोड्या पुरतात (इथे डी म्हणजे बदलाचं मध्यमान भागिले बदलाचं प्रमाण विचलन). सहसंबंध ०.३० पकडायला सुमारे ८५ माणसं, ०.२० साठी १९५ च्या आसपास. ०.२, ०.५, ०.८ हे लहान-मध्यम-मोठे मापदंड कोहेन यांनी दुसरा आधार नसेल तेव्हासाठी दिले होते. तुमच्या विषयातले आधीचे अभ्यास असतील तर त्यांवरून अंदाज घ्या आणि तो थोडा खाली ओढा. कारण वर पाहिलंच, की छापलेले परिणाम फुगलेले असतात. आणि ‘सगळे ३० घेतात’ हे कारण पुरेसं नाही. ३० माणसांत सहसंबंध ०.३० आला तर त्याचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटर्व्हल (खरं मूल्य जिथे असू शकेल तो पल्ला) −०.०७ ते ०.६० असा पसरतो. उलटा संबंध, शून्य, भक्कम संबंध, काहीही शक्य. २५० माणसांत तोच ०.१८ ते ०.४१ होतो.

डेटा पाहिल्यावर घेतलेले निर्णय हे वेगळं प्रकरण आहे, पण तितकंच गंभीर. दोन परतंत्र चलांपैकी जो चालला तो घेणं, सार्थक येईना म्हणून आणखी दहा माणसं मिळवणं, लिंग सहचल म्हणून घालून पाहणं, एक अट वगळणं. सिमन्स, नेल्सन आणि सिमनसोन यांनी २०११ मध्ये अशा चार सवलती एकत्र घेतल्या तर ५ टक्क्यांची चूक (नसलेला फरक सापडण्याची) ६० टक्क्यांवर जाते, हे सिम्युलेशनने, म्हणजे बनवलेल्या डेटावर, दाखवलं. उपाय साधा आहे: मुख्य परिकल्पना, मुख्य चल, वगळण्याचे निकष, नमुन्याचा आकडा आणि विश्लेषण आधी कागदावर लिहून तारखेसह नोंदवा. ओपन सायन्स फ्रेमवर्कवर ही पूर्वनोंदणी फुकट होते. बाकी जे काही सापडेल ते जरूर लिहा, पण ‘शोधक’ असं स्पष्ट म्हणून.

सॉफ्टवेअरसाठी: सुरुवात जामोवी किंवा जास्प. दोन्ही मोफत आहेत, दोन्हींत परिणामाचा आकार आणि इंटर्व्हल एका क्लिकवर मिळतो. जामोवीमध्ये सिंटॅक्स मोड चालू केला की त्याच विश्लेषणाचा आर या मोफत सांख्यिकी भाषेतला कोडही समोर येतो, त्यामुळे हळूहळू आरकडे सरकता येतं. सिम्युलेशन, बहुस्तरीय प्रतिमानं आणि पुन्हा चालवता येणारं विश्लेषण यांसाठी शेवटी आर शिकावंच. विभागात एसपीएसएसच असेल तर ‘ओके’ ऐवजी ‘पेस्ट’ दाबा आणि सिंटॅक्सची (लेखी आज्ञांची) फाइल जपा. सहा महिन्यांनी मार्गदर्शकांनी ‘हा आकडा कसा आला’ विचारलं तर तीच उपयोगी पडते. दोन सॉफ्टवेअरांची उत्तरं जुळली नाहीत तर घाबरू नका, ठरलेल्या निवडी तपासा: गट असमान असताना आरमधलं साधं अनोव्हा पहिल्या प्रकारच्या वर्गबेरजा (एकेक चल क्रमाने धरून) वापरतं, एसपीएसएस तिसऱ्या प्रकारच्या (बाकी सगळे चल धरून). आरची टी-टेस्ट मुळातच वेल्चची असते.

सरावासाठी प्रसिद्ध झालेला असा निबंध निवडा ज्याचा कच्चा डेटा खुला आहे, आणि त्यातला एकच तक्ता स्वतः पुन्हा काढा. जिथे आकडा जुळत नाही तिथे थांबा आणि कोणती माणसं वगळली, कोणतं विधान फिरवलं, हे शोधून काढा. खुला डेटा नसलेल्या निबंधांचंही बरंच तपासता येतं. समजा लिहिलं आहे: प्रत्येक गटात ३२, टी २.४०, स्वातंत्र्यमात्रा ६२, पी ०.०१९. ६४ माणसांमधून २ वजा, म्हणून ६२ बरोबर. ५८ लिहिलं असतं तर चार माणसं कुठे गेली हे विचारायचं. डी काढायचा तर टी ला (१/३२ + १/३२) च्या वर्गमुळाने, म्हणजे ०.२५ ने गुणा: ०.६०. त्याचा इंटर्व्हल साधारण ०.१० ते १.१०. आता निबंधाच्या चर्चेत ‘लक्षणीय प्रभाव’ असं म्हटलं असेल, तर तो प्रभाव नगण्य ते प्रचंड यांत कुठेही असू शकतो, हे लेखकांनी सांगितलं आहे की नाही ते पाहा. स्वतःच्या प्रबंधात हेच आकडे याच क्रमाने द्या: दोन्ही गटांची मध्यमानं आणि प्रमाण विचलनं, टी, स्वातंत्र्यमात्रा, तीन दशांशांपर्यंत पी, डी आणि त्याचा इंटर्व्हल. सॉफ्टवेअरने पी ०.००० दाखवलं तर ते ‘०.००१ पेक्षा कमी’ असं लिहायचं, कारण ते शून्य कधीच नसतं.